लागलेला बाण

चुकलेल्या बाणाची चौकशी सगळेच करतात. टार्गेटच्या बाहेर गेला, गवतात घुसला, मागच्या बांधावरच्या दगडावर आपटला, की पोरं लगेच तो हातात फिरवून बघतात. टोक बघतात, पिसं बघतात, शाफ्टवरून, म्हणजे बाणाच्या नळीवरून, बोट फिरवतात. जो बाण मधल्या पिवळ्यात जाऊन बसला, त्याच्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. तो उपसायचा, भात्यात टाकायचा आणि पुढच्या फेरीला पुन्हा दोरीवर चढवायचा. माझं भांडण या सवयीशी आहे. लागलेला बाण चुकलेल्या बाणापेक्षा जास्त बारकाईनं तपासावा लागतो, हे मी साताऱ्यात मैदानावर मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगत आलोय. यंदा हीच गोष्ट पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या मामेभावाला सांगायची वेळ आली. तेव्हा वाटलं, एकदा बसून सविस्तर लिहावं.

साताऱ्यात आता धनुर्विद्या म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपली अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड, म्हणजे चाकं आणि केबल लावलेल्या धनुष्याच्या, प्रकारात विजेती ठरली. वरिष्ठांच्या वैयक्तिक गटात भारताला मिळालेलं ते पहिलं जागतिक सुवर्ण. त्याच दिवशी पुरुषांच्या अंतिम लढतीत ओजस देवतळेनं १५० पैकी १५० गुण घेतले. ओजस नागपूरचा, पण त्याची तयारी साताऱ्यात झालेली. त्याच्या महिनाभर आधी आयर्लंडमध्ये लिमरिकला पार्थ साळुंखे रिकर्व्हमध्ये, म्हणजे चाकं नसलेल्या, टोकं बाहेर वळलेल्या धनुष्याच्या प्रकारात, युवा जगज्जेता झाला होता. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तर टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळून आला. आता मे महिन्याच्या सुट्टीत शिबिर लागलं की खंडाळ्यापासून कराडपर्यंतची पोरं येतात. कुणाचे वडील एसटीत, कुणाची आई अंगणवाडीत, बरेचसे शेतकऱ्यांच्या घरचे.

ओजसचे ते १५० गुण जरा उलगडून बघा. तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, अंतर ५० मीटर. कंपाउंडच्या कागदावर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं असतं. पंधराच्या पंधरा बाण त्या वर्तुळात. टीव्हीवर आपण टाळ्या वाजवतो, पण मैदानावरच्या माणसाच्या मनात दुसराही विचार येतो. एवढ्याशा जागेत तीन बाण जायचे, म्हणजे ते एकमेकांना घासणार. दुसऱ्या बाणाचं टोक पहिल्याच्या शाफ्टला चाटून जाणार. कधी नॉक, म्हणजे शेपटाकडची दोरीवर बसणारी खाच, उडणार, कधी व्हेन, म्हणजे मागची पिसं, फाटणार. आणि नेम फारच अचूक लागला तर मागून आलेला बाण पुढच्या बाणाच्या शेपटातून आत शिरून त्याला उभा चिरणार. याला सगळीकडे रॉबिन हूड म्हणतात. पोरं त्याचे फोटो काढून स्टेटसला ठेवतात. फोटो जरूर काढावेत, पण त्यातले दोन्ही बाण त्या क्षणी बाद झालेले असतात. पुढचा तर उघडच फाटलेला. मागचा वरून धड दिसला तरी तोंडाशी दबलेला असतो, आणि त्याला भात्यात परत जागा नसते.

नेम जसजसा सुधारतो तसतसे बाण जास्त खराब होतात, ही या खेळातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. नवशिक्याचे बाण कागदभर पसरतात, त्यामुळे सुरक्षित राहतात. ज्याचा ग्रुप, म्हणजे लागलेल्या बाणांचा पुंजका, मुठीएवढा झाला त्याच्या बाणांना प्रत्येक फेरीत मार बसतो. म्हणूनच सरावाला एका कागदावर सहा बाण मारू नका, दोन-तीन कागद लावा आणि प्रत्येकावर दोनच मारा, असं आम्ही बजावतो.

आता तपासायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो.

आजचा बाण कार्बनचा. कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून पोकळ नळी करतात, तो शाफ्ट. पुढे आत चिकटवलेला इन्सर्ट आणि त्यात पॉइंट म्हणजे टोक, मागे प्लास्टिकचा नॉक आणि तीन व्हेन. ॲल्युमिनियमचा बाण वाकला की दिसतो, थोडाफार असेल तर सरळही करता येतो. कार्बन वाकवला तरी वाकडा राहत नाही. तो सरळ असतो किंवा तुटलेला असतो. या दोन्हींच्या मधे एक अवस्था असते, ती म्हणजे आतून तडकलेला पण वरून सरळ. सगळा धोका त्या अवस्थेत आहे. कंपाउंडला स्पर्धेत ६० पौंडापर्यंत ताण चालतो. दोरी सुटते तेव्हा तो सगळा जोर बाणाच्या शेपटाला एका क्षणात बसतो आणि बाण सुटता सुटता लवलवतो. धडधाकट शाफ्ट हे सोसतो. तडकलेला शाफ्ट तिथेच, धनुष्यावरच फुटू शकतो. फुटला की त्याचे सुईसारखे तुकडे पुढे धरलेल्या हातात घुसतात. डॉक्टरांना ते एकेक शोधून काढावे लागतात.

म्हणून प्रत्येक फेरीनंतर, निदान प्रत्येक घासाघासीनंतर, बाण हातात घ्यायचा. आधी टार्गेटमधून उपसतानाच नीट उपसायचा. एक तळवा कागदावर बाणाच्या बुडाशी टेकवायचा, दुसऱ्या हातानं शाफ्ट कागदाच्या अगदी जवळ धरायचा आणि सरळ रेषेत मागे ओढायचा. मागे कुणी उभं नाही ना हे आधी बघायचं, कारण नॉक थेट डोळ्याच्या उंचीवर येतो. बाण वर-खाली हलवून सैल करायची सवय काही पोरांना लागते, ती मोडून काढावी लागते. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं आलेला बाण टार्गेटच्या फोममध्ये घुसतो तेव्हा घर्षणानं फोम वितळून शाफ्टला चिकटतो. तो थर साफ केल्याशिवाय खालचा ओरखडा दिसत नाही.

शाफ्ट पुसून घेतला की कापसाचा बोळा त्याच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा. कुठे तंतू उचकटलेला असेल तर कापूस अडकतो. उघड्या बोटानं हे करू नये, बोटात घुसलेली कार्बनची कूस फार वाईट. मग बाणाची दोन्ही टोकं धरून चेहऱ्यापासून लांब, हलकेच वाकवायचा. थोडा फिरवायचा, पुन्हा वाकवायचा, असा चारी बाजूंनी. मग दोन्ही हातांनी पिळून बघायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. कान देऊन ऐकायचं. कुंभाराकडे मडकं घेताना बाया टिचकी मारून ऐकतात, तसं. निरोगी शाफ्ट गप्प असतो. तडकलेला बारीक ‘कर्र’ करतो, किंवा हाताला जाणवेल इतपत एका जागी मऊ पडतो.

सगळ्यात जास्त लक्ष पॉइंटच्या मागच्या चार बोटांवर आणि नॉकच्या पुढच्या चार बोटांवर द्यायचं. बाण दगडावर आपटला की इन्सर्ट मागे रेटला जातो आणि तिथून आतल्या आत चीर सुरू होते. वरचं लेबल आणि नाव तसंच चमकत असतं. नॉकचं तर विचारूच नका. काही रुपयांचा प्लास्टिकचा तुकडा, पण तो दोरीवर नीट बसला नाही किंवा सुटताना तडकला तर बाण जागेवरून निसटतो आणि धनुष्याचा सगळा जोर धनुष्यालाच बसतो. रिकामी दोरी सोडल्यासारखंच. धनुष्याचे लिंब, म्हणजे वरखालचे लवणारे बाहू, तडकतात, केबल चाकावरून उतरते. लाखाच्या घरातलं धनुष्य एका नॉकपायी दुरुस्तीला जातं. मी नॉक मुलांना सढळ हातानं बदलायला सांगतो. तिथं काटकसर नाही.

शेवटी बाण फिरवून बघायचा. दोन छोट्या चाकांचा स्पिनर मिळतो, नसला तर पॉइंट तळहातावर टेकवून बोटांनी गरकन फिरवायचा. सरळ बाण गुळगुळीत फिरतो. वाकडा असेल, किंवा पॉइंट तिरका बसला असेल, तर तळहाताला थरथर जाणवते. आणखी एक साधा उपाय आहे. प्रत्येक बाणावर नंबर घालायचा आणि वहीत कुठला नंबर कुठं गेला ते लिहायचं. बारा बाणांतला सात नंबर सारखा डावीकडेच जात असेल तर दोष तुमच्या हातात नाही, सात नंबरात आहे. नॉक बदलून बघा, थोडा फिरवून बघा, तरीही जात असेल तर तो सरावालाही नको.

हे सगळं लिहिलं की सोपं वाटतं. मैदानावर ते अवघड होतं ते पैशामुळे.

चांगले कार्बन बाण डझनाला हजारो रुपये लागतात. वरच्या दर्जाचे घेतले तर डझनाचा आकडा दहा हजारांच्याही वर जातो. ज्या घरात उसाचं बिल वर्षातून ठरावीक वेळी येतं आणि आधीच वाटलेलं असतं, त्या घरात एक बाण बाद झाला ही बातमी असते. मागच्या पावसाळ्यानंतर कोरेगावकडची एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सातवीत असेल. बोलेना. भाता छातीशी धरलेला. मी म्हटलं, “दाखव गं.” तिनं एक बाण काढला आणि लगेच म्हणाली, “काका, हा बरोब्बर दहात लागला होता.” बाण खरंच सुंदर दिसत होता. व्हेन शाबूत, पॉइंट सरळ. कापूस फिरवला, तो कुठंच अडकला नाही. मग वाकवला आणि दुसऱ्या बाजूला फिरवताना पॉइंटच्या मागून आवाज आला. बारीकसा. तिनंही ऐकला. तिनं आधीच ऐकला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. घरी एकटीनं वाकवून बघितला असणार आणि मग दोन दिवस कुणाला सांगितलं नसणार.

“अजून दिवाळीपर्यंत चालेल ना?” तिनं विचारलं.

तिचे वडील मागे बुलेटवर बसलेले, ते उतरून आले. त्यांनी बाण हातात घेतला, उन्हात धरून बघितला. “सर, काय दिसंना झालंय बघा. एवढा चांगला बाण टाकायचा?” मी त्यांच्या हातात तो बाण वाकवून दिला आणि म्हटलं, “कान लावा.” त्यांनी लावला. मग बराच वेळ ते तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिले, ज्या हातात ती धनुष्य धरते. त्यांनी स्वतःच बाण मधोमध मोडला. मोडताना मी त्यांना आधी बाण फडक्यात गुंडाळायला लावला, कारण मोडतानाही कूस लागते.

त्या माणसाचं मला फार वाटलं. आपल्याकडे वस्तू टाकत नाहीत. जुन्या धोतराची गोधडी होते, तेलाच्या डब्याची पेटी होते, आणि हे चांगलंच आहे. पण बाणाच्या बाबतीत पुन्हा वापरणं याचा अर्थ पुन्हा तपासणं असा धरला पाहिजे. तपासून पास झालेला बाण वर्षानुवर्षं वापरा, मला त्यात आनंदच आहे. न तपासता वापरलेला बाण मात्र नवा असला तरी मला नको.

आता मामेभावाकडे येतो.

त्याचं गाव देवराष्ट्र्याजवळ, सांगली जिल्ह्यात. लहानपणी सुट्टीला गेलो की आम्ही सागरेश्वरला जायचो. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून त्या उघड्या डोंगरांवर झाडं उभी राहिली आणि पुढे तिथं अभयारण्य झालं. चितळ, सांबर, काळवीट. पहाटे कुंपणापाशी उभं राहिलं की चितळांचा कळप दिसायचा आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. तोच मामेभाऊ आता पेनसिल्व्हेनियात परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, कंपाउंडनं व्हाइटटेल हरणाची शिकार करतो. तिथं हे कायदेशीर आहे. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचा तो तिथला सरकारमान्य मार्ग आहे, आणि मारलेलं हरीण त्याच्या घरी वर्षभर खाल्लं जातं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे आणि याचं मला समाधान आहे. मला शिकार आवडत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरीही हंगामातल्या त्याच्या पहिल्या यशस्वी शिकारीनंतर त्यानं स्टीलच्या सिंकमध्ये ठेवलेल्या बाणाचा फोटो मला पाठवला. “दादा, हा परत वापरू का? एकदम लकी आहे.”

फोटो मोठा करून बघितला. पुढं ब्रॉडहेड होतं. शिकारीच्या बाणाला आमच्यासारखा गोल टोकाचा पॉइंट नसतो, धारदार पाती असतात. याला तीन पाती, बदलता येणारी. एका पात्याच्या कडेला खपली उडाल्यासारखी खूण होती, बरगडीला लागलेली. बाण हरणाच्या आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतला होता. शाफ्टवर, व्हेनच्या खोबणीत, रक्त वाळलेलं.

त्याला मी आधी विचारलं, बाण उचलल्यावर तू त्याच्याकडे नीट बघितलंस का? बघितला होता. शिकारी लोक ते पहिलं करतात. हरीण बाण लागताच पडत नाही, ते झाडीत पळतं. बाणावरचं रक्त फेसाळ, गुलाबी लाल असेल तर फुप्फुसाला लागलाय. गडद असेल तर यकृत असू शकतं. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर पोटात लागलाय, मग तासन्‌तास थांबायचं, मागे लागायचं नाही, नाहीतर घाबरलेलं हरीण लांब जाऊन मरतं आणि सापडत नाही. त्याचा बाण गुलाबी होता. तरीही तो अर्धा तास जागेवरून हलला नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. आवडत नसलेल्या गोष्टीतही ती जबाबदारीनं कशी केली हे बघता येतं.

मग मी त्याला सांगितलं ते असं. आधी कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन बाण धू. रक्तात मीठ असतं, ते स्टीलला खातं. पाती सोडवून, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेव, पण ती पुढच्या शिकारीला नकोत. तीनही बदल, फक्त खपली उडालेलं एक नाही. उरलेली दोनही मातीत गेली होती, आणि मातीत गेलेल्या पात्याची धार डोळ्याला चांगली दिसली तरी बोथटलेली असते. रबरबँड ताणून त्यावर पातं नुसतं टेकवून बघ. दाब न देता कापला गेला तर धार आहे. बोथट पातं रक्तवाहिनी कापत नाही, तिला बाजूला सारून पुढं जातं. रक्त कमी येतं, लवकर साकळतं आणि हरीण जखम घेऊन चालत राहतं. अखंड पोलादाचं, जाड पात्याचं ब्रॉडहेड असतं तर दगडावर घासून पुन्हा धार लावता आली असती. तशी पुष्कळ लोक वर्षानुवर्षं वापरतात. त्याच्याकडच्या दुसऱ्या प्रकारात, ज्याची पाती मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात, तिथं मी सरळ नाही म्हटलं. त्याची रबरी रिंग, बिजागरी, वाकलेलं पातं, यातलं काहीही कमीजास्त झालं की पातं हवेतच उघडतं आणि बाण भलतीकडे जातो. एकदा हाडातून गेलेलं तसलं टोक सरावाला ठेव किंवा टाक.

पाती बदलली तरी ती जिच्यात बसतात ती टोकाची मधली दांडी राहते, ती वाकली असेल तर नवी पाती बसवूनही बाण डुगडुगणार. म्हणून स्पिनरवर फिरवायचं. आणि शाफ्टला आमचीच परीक्षा, कापूस, वाकवणं, पिळणं. इथं त्याच्यासाठी एक जास्तीची गोष्ट आहे. शाफ्ट हरणाच्या अंगात तुटला किंवा कुठं उचकटला असेल तर त्या जखमेभोवतीचं मांस मोठं कापून टाकायचं. कार्बनचे तंतू पोटात गेलेले चालत नाहीत, आणि त्याच्या घरी ते मांस मुलं खातात.

त्यानं व्हिडिओ कॉलवर, चष्मा घालून, सगळं केलं. शाफ्ट गप्प राहिला. दांडी मात्र थरथरली. म्हणजे टोक बाद, शाफ्ट पास. पास झालेल्या शाफ्टलाही मी लगेच जंगलात जाऊ दिलं नाही. नवं टोक लावून आधी फोमवर मार, बाकीच्या बाणांच्या ग्रुपमध्ये बसला तर घे. आणि ज्या टोकानं फोमवर मारलंस ते टोक शिकारीला नेऊ नकोस, फोमही धार खातो.

तो थोडा हिरमुसला. “पण हा बाण लकी आहे रे दादा.” मला त्याचं कळतं. ज्या बाणानं यश दिलं त्याच्यावर माया बसते. आमच्या मैदानावर पोरं पदकाच्या फेरीतला बाण ओळखून ठेवतात. मायेला माझी हरकत नाही, तो बाण भिंतीवर लाव. पण बाणाला यश आठवत नाही. त्याला फक्त हाड, माती आणि दोरीचा धक्का लक्षात राहतो. माझं त्याला एवढंच म्हणणं होतं की तुझी कसोटी आमच्यापेक्षा कडक हवी. आमच्या मुलीचा वाकडा बाण एक गुण खातो, फार तर पदक खातो. तुझा वाकडा बाण फुप्फुसाऐवजी मांडीत जातो, आणि एक जनावर रात्रभर झाडीत पडून राहतं. ज्याच्यावर तू नेम धरतोस त्याला बाण तपासता येत नाही. ते काम तुझंच. सागरेश्वरच्या कुंपणापाशी उभे असायचो ते त्याच्याही लक्षात असणार, कारण यावर तो काही बोलला नाही, फक्त पाती मागवल्याची पावती पाठवली.

इंडियन राउंडवाल्या मुलांचं जरा वेगळं. बांबूचं धनुष्य, बांबू किंवा लाकडाचे बाण, ३० आणि ५० मीटर. बांबूचा बाण वाकला की विस्तवावर हलकं शेकून, हातानं दाबून सरळ करता येतो, चीर पडली तर डोळ्याला दिसते. काही मुलं यात इतकी तरबेज होतात की पुढं कार्बनकडे आल्यावर त्यांना बाण पारखायला शिकवावंच लागत नाही. शक्य असेल तिथं मुलाची सुरुवात बांबूनंच करावी, असं माझं मत त्यामुळेच झालंय.

खंडेनवमीला आमच्याकडे धनुष्यबाणांची पूजा असते. चटई अंथरून सगळ्यांची धनुष्यं ओळीनं मांडायची, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे बाण तपासतो, कारण बाद बाणाला कुंकू लावून पुन्हा भात्यात ठेवला असं व्हायला नको. जमिनीवर गोल करून बसायचं, मधे कापूस, स्पिरिट, नॉकचा डबा. मोठी मुलं लहानांचे बाण बघतात. एकमेकांचे बघायचे हा नियम आहे, स्वतःच्या बाणातली चीर ऐकू येत नाही. बाद झालेला प्रत्येक बाण तिथल्या तिथं मोडायचा. नुसता बाजूला ठेवला तर तो चार दिवसांनी कुणाच्या तरी भात्यात परत सापडतो. मोडलेले तुकडे जाड पिशवीत, तोंड बांधून. ज्यांना घरी कुंडीत टोमॅटोच्या रोपाला काठी म्हणून हवेत त्यांनी ॲल्युमिनियमचे न्यावेत, कार्बनचे नाही.

पास झालेल्यांतले सगळेच त्या मुलाकडे राहत नाहीत. पोरं वाढतात, हात लांब होतात, धनुष्याचा ताण वाढतो. बाणाचा ताठपणा ताणाशी आणि लांबीशी जुळावा लागतो, त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंचांच्या आधारांवर ठेवलेल्या शाफ्टच्या मध्यावर १.९४ पौंडाचं वजन टांगलं की तो इंचाच्या किती हजाराव्या भागाइतका वाकतो, तो आकडा. आकडा लहान तेवढा बाण ताठ. दहावीतल्या मुलाला आता ५०० चा हवा असेल तर त्याचे ७०० चे बाण सातवीतल्या कुणाला तरी लागू पडतात. लांब असतील तर कापता येतात, पण कापलं की तो ताठ होतो, म्हणून आधी हिशोब करायचा आणि मगच कटर लावायचा. कोरेगावच्या त्या मुलीला असेच सहा बाण मिळाले, एका मोठ्या मुलाचे. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे बाणावर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं लागतात. त्याची पुसून तिनं आपली घातली. तिच्या वडिलांनी सहाही बाण एकेक करून कानाशी वाकवून बघितले, मगच भात्यात घालू दिले.

दिवाळीच्या सुट्टीत शिबिर आहे आणि लहान मुलांसाठी बाण कमी पडणार आहेत. ७०० ते १००० स्पाइनचे, २८ इंचांच्या आतले, कंपाउंडचे किंवा रिकर्व्हचे, ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी ओळखीतल्या मैदानावर जरूर द्यावेत, साताऱ्यात असो की सांगलीत. जुने नॉक काढून दिलेत तर उत्तम, आम्ही नवे बसवून घेऊ. व्हेन फाटलेल्या चालतील, पॉइंट नसला तरी चालेल. ज्याच्यातून जरासाही आवाज आला असेल तो मात्र देण्याआधी घरीच, फडक्यात गुंडाळून, मोडून टाका.